रयतेचे वकील : सार्वजनिक काका

पेशवाईचा अस्त होऊन पन्नास वर्षे लोटली होती. महाराष्ट्रात इंग्रजांचा अंमल स्थिर झाला होता. रस्ते, टपाल, आगगाडी, न्यायकचेऱ्या अशा अनेक नव्या गोष्टी लोकांच्या परिचयाच्या झाल्या होत्या. परंतु राज्य करणारे आणि ज्यांच्यावर राज्य चालते ते, या दोघांमध्ये मोठे अंतर पडले होते. साऱ्याचा बोजा सोसवेनासा झाला, पाऊस चुकला किंवा एखाद्या अंमलदाराने अन्याय केला, तर रयतेने कोणाच्या दारी जावे? कायदे इंग्रजीत होत. ते करणाऱ्यांच्या सभेत शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारा कोणी नसे. गाऱ्हाणे मनात ठेवून मुकाट्याने सोसणे किंवा सोसवेनासे झाल्यावर हातात काठी घेणे, हे दोनच मार्ग लोकांना ठाऊक होते. या दोहोंखेरीज तिसरा मार्ग आहे, हे ज्यांनी महाराष्ट्राला दाखवून दिले, त्यांत गणेश वासुदेव जोशी यांचे नाव अग्रभागी आहे. लोक त्यांना प्रेमाने सार्वजनिक काका म्हणत.

गणेश वासुदेव यांचा जन्म इ. स. १८२८ साली सातारा येथे झाला. तरुणपणी ते पुण्यास आले आणि सरकारी कचेरीत नोकरी करू लागले. कचेरीत येणारे अर्ज, तेथे खोळंबून राहिलेली माणसे आणि कागदाच्या एका चुकीने बुडणारे हक्क हे सारे त्यांनी जवळून पाहिले. पुढे वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी पुण्यात वकिली सुरू केली. बुद्धी तरतरीत, स्वभाव मोकळा आणि अंगी अपार उत्साह, यांमुळे थोड्याच दिवसांत त्यांचा जम बसला. मनात आणते तर ते पैसा मिळवून सुखाने राहू शकले असते. पण लोकांच्या अडचणी पाहून स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावातच नव्हते.

त्या सुमारास पुण्यातील पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष पसरला होता. कारभार पाहणाऱ्या पंचांविरुद्ध पुष्कळांच्या तक्रारी होत्या. पण तक्रार करणारा प्रत्येक जण एकटा होता, आणि एकट्याच्या शब्दाला सरकारदरबारी फारसे वजन नसते. काकांनी विचार केला, की आज प्रश्न देवस्थानचा आहे. उद्या तो शेतसाऱ्याचा असेल, परवा पाण्याचा असेल. प्रत्येक वेळी नव्याने माणसे जमविण्यापेक्षा लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी एक कायमची संस्थाच का असू नये? या विचारातून दिनांक २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभेची स्थापना झाली. औंधचे अधिपती श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे सभेचे पहिले अध्यक्ष झाले. काका चिटणीस या नात्याने तिचा सारा भार वाहू लागले.

या सभेची रचना त्या काळी अगदी अपूर्व होती. ज्याला सभासद व्हावयाचे असेल त्याने निदान पन्नास लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा नियम करण्यात आला. वकील कोर्टात उभा राहतो तो अशिलाने दिलेल्या अधिकाराने. त्याप्रमाणे सभासदाने बोलावयाचे ते लोकांनी दिलेल्या अधिकाराने, असे काकांचे मत होते. आरंभीच ९५ सभासद झाले आणि त्यांच्या पाठीशी सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. आज आपण मत देऊन प्रतिनिधी निवडतो. त्या काळी लोकांना मताचा अधिकार मुळीच नव्हता. अशा वेळी लोकांच्या संमतीवाचून लोकांच्या नावाने बोलू नये, हा दंडक काकांनी घालून दिला. सभेच्या कामात ते इतके रंगून गेले की, गणेश वासुदेव हे नाव मागे पडले आणि सार्वजनिक काका हेच नाव सर्वतोमुखी झाले.

इ. स. १८७१ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यास बदलून आले. रानडे सरकारी नोकरीत असल्यामुळे त्यांना उघडपणे चळवळीत पडता येत नसे. पण त्यांची विद्वत्ता आणि काकांची कर्तबगारी यांचा सुंदर संगम झाला. विचार रानड्यांचा आणि धावपळ काकांची, असे लोक कौतुकाने मानीत. कोणत्याही प्रश्नावर अर्ज करावयाचा तर आधी माहिती गोळा करावी, आकडे तपासावे, मग सभेत चर्चा करावी आणि शेवटी सभ्य पण स्पष्ट भाषेत सरकारकडे कागद पाठवावा, अशी शिस्त सभेने लावून घेतली. नुसत्या आरडाओरडीने सरकारची झोप मोडत नाही आणि पुराव्यावाचून केलेली तक्रार टिकत नाही, हे दोघेही जाणून होते.

काका केवळ सरकारकडे मागणी करणारे नव्हते. जे लोकांना स्वतः करता येईल ते त्यांनी स्वतः करावे, असा त्यांचा आग्रह असे. इ. स. १८७२ मध्ये त्यांनी हाताने कातलेल्या सुताचे देशी कापडच वापरण्याचे व्रत घेतले आणि ते अखेरपर्यंत पाळले. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या यांसारख्या वस्तू देशातच तयार व्हाव्यात म्हणून त्यांनी उत्तेजन दिले आणि त्यांच्या विक्रीसाठी पदरमोड केली. कोर्टकज्जांत लोकांचा पैसा व्यर्थ जाऊ नये म्हणून त्यांनी लवाद न्यायालयाची स्थापना करण्यात पुढाकार घेतला. ज्याची मिळकत वकिलीवर अवलंबून आहे अशा गृहस्थाने भांडणे कोर्टाबाहेर मिटवावीत म्हणून खटपट करावी, हे नवलच नव्हे काय! त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीही स्त्रियांसाठी स्त्रीविचारवती सभा स्थापन करून पतीच्या कार्याला जोड दिली.

लवकरच सभेपुढे शेतकऱ्यांचा प्रश्न येऊन ठाकला. अमेरिकेत इ. स. १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस बंद झाल्यामुळे हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळले. परंतु नेमक्या याच सुमारास जमिनीची नवी आकारणी सुरू झाली आणि काही भागांत शेतसारा ५० ते १०० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आला. उत्पन्न उतरले आणि सारा चढला. सारा भरण्यासाठी शेतकरी सावकाराकडे जाई, कोऱ्या कागदावर अंगठा उठवी आणि पुढे जमीन गमावून बसे. सभेने पोटसमिती नेमून गावोगावची माहिती मिळविली आणि इ. स. १८७३ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. आकारणी जमिनीच्या ताकदीबाहेर झाली आहे, असे सभेचे प्रतिपादन होते.

महसूल खात्यातील पुष्कळ अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. सभेत सरदार, इनामदार, सावकार आणि वकील यांचाच भरणा आहे. त्यांना शेतकऱ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार काय, असा आक्षेप ते घेत. सभेत अशा वर्गातील लोक पुष्कळ होते ही गोष्ट खरी. पण त्यामुळे तिने दिलेली माहिती खोटी ठरत नव्हती. सांगणारा कोण आहे एवढेच पाहावयाचे आणि तो काय सांगतो ते ऐकावयाचे नाही, ही सत्ताधाऱ्यांची जुनी खोड आहे. तिचे फळ लवकरच दिसून आले.

दिनांक १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी बाजारासाठी जमलेले शेतकरी खवळून उठले. त्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला, कर्जाची खते व वह्या हस्तगत केल्या आणि त्यांची होळी केली. पाहता पाहता हा वणवा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. सावकारांच्या जिवावर उठण्याचे प्रसंग विरळाच घडले. सरकारने लष्कर आणि पोलीस पाठवून दंगा मोडला. नऊशेंहून अधिक लोकांची धरपकड झाली आणि पाचशेंच्या आसपास लोकांना शिक्षा झाल्या. जी रयत दोन वर्षांपूर्वी अर्जातून बोलत होती तिच्याकडे तेव्हा कोणी पाहिले नव्हते. खते पेटताच साऱ्या सरकारचे डोळे तिकडे वळले.

तथापि सरकारने केवळ दंडुक्यावर भिस्त ठेवली नाही, हेही सांगितले पाहिजे. दंग्याची कारणे शोधण्यासाठी त्याने एक चौकशी समिती नेमली. तिने शेतकऱ्यांच्या, सावकारांच्या आणि अधिकाऱ्यांच्या जबान्या घेतल्या. सावकाराचा जाच हे दंग्याचे मुख्य कारण तिला दिसले. साऱ्याच्या वाढीला मात्र तिने तेवढे महत्त्व दिले नाही. सावकाराचा दोष सरकारला मान्य झाला, स्वतःचा दोष मान्य करणे जड गेले. तरी त्या चौकशीतूनच इ. स. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य देणारा कायदा झाला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची प्रथा त्याने थांबविली, आणि खताच्या आकड्यावर न विसंबता मूळ व्यवहार तपासून पाहण्याचा अधिकार न्यायाधीशांना दिला. रयतेच्या पदरात अर्धा न्याय पडला. पण तो पडण्यासाठी किती तुरुंग भरावे लागले!

इ. स. १८७७ च्या जानेवारी महिन्याच्या पहिल्या तारखेस दिल्ली येथे मोठा दरबार भरला. व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी धारण केल्याचे तेथे जाहीर व्हावयाचे होते. राजेरजवाडे हिऱ्यामोत्यांनी मढून आले होते. त्या झगमगाटात सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून काका गेले, ते अंगावर स्वतः कातलेल्या सुताचे जाडेभरडे कपडे घालून. सभेच्या मानपत्रात राणीचे अभिनंदन तर होतेच. पण त्याबरोबर हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचे हक्क मिळावेत, अशी मागणीही होती. जेथे सारे जण काही तरी मिळावे म्हणून मान लववीत होते तेथे काकांनी अदब राखूनही प्रजेचे मागणे मांडले.

दिल्लीत दिवे उजळत होते तेव्हा दक्षिणेत दुष्काळाने थैमान मांडले होते. इ. स. १८७६ चा पाऊस गेला. विहिरी आटल्या, जनावरे मेली, लोक पोट हातावर घेऊन बाहेर पडले. सरकारने दुष्काळी कामे काढली. पण खर्चाला आळा घालण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठविण्यात आले आणि त्यांच्या सल्ल्याने दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी दिवसाला एक रत्तल, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा एवढी खाली आणली गेली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एवढे अन्न कसे पुरणार? उपाशी मजुरांनी एक विलक्षण गोष्ट केली. हजारोंच्या संख्येने त्यांनी कामावर जाण्याचे नाकारले. कोठे दंगा नाही, लूट नाही. कमी मजुरीवर काम करावयाचे नाही, एवढाच त्यांचा निर्धार होता.

ज्या अर्थी हे लोक काम सोडून जाऊ शकतात, त्या अर्थी त्यांना मदतीची खरी गरज नसावी, असा तर्क काही अधिकाऱ्यांनी लढविला. उपासमारीचे गाऱ्हाणे हाच उपासमार नसल्याचा पुरावा ठरला! अशा वेळी सार्वजनिक सभा मजुरांच्या पाठीशी उभी राहिली. तिच्या माणसांनी गावोगाव हिंडून खरी परिस्थिती पाहिली. कोठे किती पीक बुडाले, कोठून किती कुटुंबे परागंदा झाली, कामावर काय मजुरी मिळते, याचे वृत्तान्त सभेने एकामागून एक सरकारकडे पाठविले आणि पूर्वीची मजुरी पुन्हा सुरू करण्याची मागणी केली. मद्रास इलाख्यात सरकारच्याच आरोग्य खात्याचे अधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनीही एक रत्तल अन्न अपुरे आहे असे निक्षून सांगितले, आणि तेथे ते प्रमाण वाढवावे लागले. या दुष्काळात ५० लाखांहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज पुढे सरकारी दुष्काळ आयोगानेच केला. त्या आयोगाच्या इ. स. १८८० च्या अहवालावरून दुष्काळनिवारणाचे नियम तयार झाले. ते झाले ही गोष्ट चांगलीच. पण ज्यांच्या दुःखाने ते नियम सुचले त्यांना ते पाहावयास मिळाले नाहीत.

दुष्काळाने लोकांची मने करपून गेली होती. त्यांना धीर देण्याऐवजी सरकारने इ. स. १८७८ मध्ये देशी भाषांतील वर्तमानपत्रांवर बंधने घालणारा कायदा केला. भांड्याचे झाकण घट्ट बसविल्याने आतील वाफ कमी होत नाही, हे त्या कारभाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. दुसऱ्याच वर्षी, इ. स. १८७९ च्या फेब्रुवारीत, वासुदेव बळवंत फडके यांनी बंडाचा झेंडा उभारला. फडके हे पुण्यात लष्करी हिशेबखात्यात नोकरीस होते. दुष्काळातील लोकांचे हाल पाहून त्यांचे मन पेटून उठले होते. अर्ज-विनंत्यांचा मार्ग त्यांना निष्फळ वाटला आणि रामोशी व इतर साथीदारांना घेऊन त्यांनी सशस्त्र लढा सुरू केला.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुण्यातील बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. सरकार संशयाने घेरले गेले. बंडाशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता अशा सनदशीर मार्गाच्या माणसांकडेही ते वक्र दृष्टीने पाहू लागले. न्यायमूर्ती रानड्यांना धुळ्यास पाठविण्यात आले आणि त्यांची पत्रे फोडून पाहिली जाऊ लागली. सार्वजनिक सभेवरही करडी नजर होती. जे लोक रयतेला शांततेचा मार्ग दाखवीत होते त्यांनाच सरकार बंडाचे सूत्रधार समजत होते.

जुलै महिन्यात फडके पकडले गेले आणि त्यांना खटल्यासाठी पुण्यास आणले. त्यांच्यावर राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप होता. शहरात वकील पुष्कळ होते. पण फडक्यांचे वकीलपत्र घ्यावयाचे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घ्यावयाचा. स्वतःची वकिली, घरदार, कदाचित स्वातंत्र्यही पणाला लावावयाचे. त्यामुळे पुढे येण्यास जो तो कचरत होता.

काकांचा प्रसंग तर सर्वांहून बिकट होता. फडक्यांचा मार्ग त्यांचा नव्हता. सभेवर आधीच संशय होता; तिच्या चिटणिसाने बंडखोराची बाजू घेतली तर दहा वर्षांचे काम धुळीस मिळण्याचे भय होते. पण आरोपीला बाजू मांडण्याची संधी मिळाल्यावाचून न्याय होत नाही, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठी होती. ज्या न्यायाच्या भरवशावर आपण लोकांना अर्ज करावयास सांगितले, तो न्याय संकटकाळी एका माणसाला नाकारला जात असताना आपण गप्प बसलो, तर लोकांनी आपल्या शब्दावर विश्वास का ठेवावा? काकांनी फडक्यांचे वकीलपत्र घेतले. सत्र न्यायालयात महादेव चिमणाजी आपटे हेही फडक्यांच्या बाजूने उभे राहिले. निकाल काय लागणार हे बहुतेक ठरल्यासारखेच होते. फडक्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. त्यांना दूर एडनच्या तुरुंगात नेण्यात आले आणि तेथेच इ. स. १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला.

अहोरात्र केलेल्या श्रमांमुळे काकांचे शरीर थकून गेले होते. दिनांक २५ जुलै १८८० रोजी वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. पण त्यांनी लावलेले रोप वाढत राहिले. वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा इ. स. १८८२ मध्ये रद्द झाला. इ. स. १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यात भरवावे आणि त्याचे यजमानपद सार्वजनिक सभेने घ्यावे असे ठरले होते. पटकीच्या साथीमुळे ते ऐन वेळी मुंबईस हलवावे लागले. इ. स. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने सभेने पुन्हा शेतकऱ्यांना त्यांचे हक्क समजावून दिले. तेव्हा सरकारने १८९७ साली सभेची मान्यताच काढून घेतली आणि तिचे अर्ज स्वीकारणे बंद केले. अर्ज घेण्याचे बंद केल्याने गाऱ्हाणी मात्र बंद झाली नाहीत. ती पुढे अधिक मोठ्या आवाजात आणि अधिक मोठ्या जनसमूहाच्या मुखातून बाहेर पडली.

काकांच्या हयातीत त्यांच्या अर्जांपैकी थोडेच मंजूर झाले; पुष्कळसे दप्तरात पडून राहिले. म्हणून ते व्यर्थ गेले असे मात्र नाही. आपले दुःख हा केवळ दैवाचा कोप नसून त्याची कारणे शोधता येतात, ती शब्दांत मांडता येतात आणि त्यांबद्दल राज्यकर्त्यांना जाब विचारता येतो, हे त्या अर्जांनी लोकांना शिकविले. ज्याच्या पाठीशी कोणी उभे राहत नाही त्याच्या पाठीशी उभे राहण्याचे धैर्य तर काकांनी स्वतःच्या आचरणाने शिकविले. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचा पाया ज्यांनी घातला त्यांत सार्वजनिक काकांचे स्थान म्हणूनच अढळ आहे.